जुलाब-उलट्या सुरू झाल्यावर आतडं थांबवायची घाई का करू नये: टप्प्याटप्प्याने काय करायचं

लग्नाच्या पंगतीनंतर रात्री पोट बिघडलं की सोलापुरातल्या बहुतेक घरांत क्रम ठरलेला असतो. आधी मेडिकलमधून जुलाब बंद करायची गोळी, मग मुरड्याची गोळी, मग शेजारच्यांना 'लागू पडलेलं' अँटिबायोटिक. दुपारपर्यंत उतार पडला नाही तर सलाईन. तोंडावाटे पाणी सगळ्यात शेवटी, तेही 'पाणी प्यायलं की लगेच लागते' म्हणून घाबरत घाबरत. हा क्रम उलटा आहे. पाणी पहिलं, निरीक्षण दुसरं, गोळी शेवटची आणि बऱ्याचदा गरजच नसलेली.

## आधी एवढं समजून घ्या

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतला थर आतड्याभोवती गोल, बाहेरचा लांबीच्या दिशेने. दोन्हींच्या मध्ये मज्जातंतूंचं जाळं असतं आणि कुठे आवळायचं, कुठे सैल सोडायचं हे ते जाळं ठरवतं. एरवी लहान आतड्याचा बराच वेळ अन्न घुसळण्यात जातो, पुढे ढकलणं सावकाश चालतं. रोज साधारण ८ ते ९ लिटर द्रव आतड्यात येतो. त्यात आपण प्यालेलं पाणी थोडं, बाकीचे शरीराचेच पाचकरस. जवळजवळ सगळा परत शोषला जातो आणि शौचातून जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडतो.

जिवाणूंची विषं हा हिशोब बिघडवतात, पण सगळी एकाच पद्धतीने नाही. कॉलराचं विष आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावतं. शिवाय अस्तरातल्या काही पेशींमधून सिरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं, मज्जातंतूंचं जाळं चेतवलं जातं आणि पाण्याचा स्राव आणखी वाढतो. प्रवासात पोट बिघडवणाऱ्या ई. कोलायची विषंही अस्तराला पाणी सोडायलाच लावतात. स्टॅफिलोकोकसचं विष आणि शिळ्या भातातल्या बॅसिलस सिरियसचं उलटीचं विष पोटातल्या व्हेगस मज्जातंतूला चेतवून थेट मेंदूतल्या उलटीच्या केंद्रापर्यंत निरोप पोचवतात. शिगेला आणि त्याच्यासारखं विष तयार करणारे ई. कोलाय मोठ्या आतड्याचं अस्तर जखमी करतात. तिथे सूज येते आणि सुजलेलं आतडं वेड्यासारखं आवळतं. तोच मुरडा. बोटुलिनमचं काम याच्या बरोबर उलट. ते मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन, म्हणजे स्नायूला हुकूम देणारं रसायन, बाहेरच पडू देत नाही, त्यामुळे स्नायूला आवळण्याचा हुकूम मिळत नाही आणि आतडं लुळं पडतं.

म्हणून 'पोट बिघडलंय, काय घेऊ?' या प्रश्नाला एकच उत्तर असू शकत नाही. कुणाचं आतडं गळतंय, कुणाचं जखमी होऊन आवळतंय, कुणाचं थंड पडलंय. थांबवायची गोळी या तिघांनाही सारखीच दिली जाते, तिथेच घोटाळा होतो.

## टप्पा १: घरात आधीपासून काय असावं

१. ओआरएसची, म्हणजे पाण्यात विरघळवून प्यायच्या क्षार-साखरेच्या पुडीची, एक लिटरची २–३ पाकिटं. पाकिटावर 'डब्ल्यूएचओ' सूत्र लिहिलेलं आहे ना ते बघा: एक लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम.

२. एक लिटर मोजायचं खात्रीचं भांडं. तांब्या नको. प्रत्येक घरातला तांब्या वेगळा असतो. बाजारच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली धुऊन ठेवली की काम झालं.

३. चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटरचा. पोह्याचा चमचा बराच मोठा असतो आणि घरगुती साखर-मीठ-पाण्यातली निम्मी चूक तिथेच होते.

४. थर्मामीटर, आणि लहान मूल असेल तर झिंकच्या विरघळणाऱ्या गोळ्या.

५. उकळून गार केलेलं पाणी. उजनीचं पाणी शहरात काही दिवसांआड येतं, म्हणून ते ड्रममध्ये, टाकीत, हंड्यात साठतं आणि कुणी ना कुणी त्यात हात घालून पेला बुडवतं. पिण्याच्या भांड्याला लांब दांड्याचं ओगराळं लावा. हा खर्च एकदाच.

सावध: फळांच्या चवीची गोड पेयं छोट्या खोक्यांत 'ओआरएस' या नावाने बरीच वर्षं विकली गेली. २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, पण ग्राहकांच्या तोंडात नाव राहिलंच आहे. त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी. जास्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. लिंबू-सोडा आणि कोल्ड्रिंकचंही तेच.

## टप्पा २: पहिला अर्धा तास, कागद-पेन

औषधाच्या डब्याकडे जाण्याआधी चार ओळी लिहा: गेल्या दोन दिवसांत बाहेर किंवा शिळं काय खाल्लं, किती वाजता, पहिली तक्रार कोणती आणि कधी, सोबत जेवलेल्या आणखी कुणाला त्रास आहे का, ताप किती. पुढे दवाखान्यात जावं लागलं तर डॉक्टरांना या चार ओळींचा उपयोग जास्त होतो, 'काल रात्रीपासून लई त्रास होतोय' याचा कमी.

घड्याळ बरंच सांगून जातं. जेवल्यावर अर्ध्या तासापासून ६ ते ८ तासांत जोरदार उलट्या सुरू झाल्या तर विष जेवणातच आधीपासून तयार होतं, असा अंदाज करता येतो. पेढे, बासुंदी, खव्याची मिठाई, हाताळलेलं क्रीम यांत स्टॅफिलोकोकस; उन्हाळ्यात तासन्तास बाहेर राहिलेला भात-पुलाव असेल तर बॅसिलस सिरियस. ८ ते १२ तासांनी मुरडा आणि पातळ जुलाब, उलटी जवळपास नाही, आणि जेवण मोठ्या पातेल्यातलं मटण किंवा रस्सा: क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचा संशय घ्यावा. मोठ्या पातेल्याच्या पोटातला रस्सा कित्येक तास कोमट राहतो आणि त्याला तेवढंच हवं असतं. एक ते तीन दिवसांनी ताप, आंव आणि रक्त आलं तर शिगेलासारखं काही.

हा अंदाजच आहे, निदान नव्हे. पण पुढच्या टप्प्यावर कोणती चूक टाळायची ते यावरून कळतं.

## टप्पा ३: आतडं काय करतंय ते ओळखा

हाताने पोट दाबून बघा, कानाने ऐका, शौच बघा. किळस करू नका, ही माहिती दुसरीकडून मिळणार नाही.

गळणारं आतडं. भरपूर, पाण्यासारखे जुलाब, ताप नाही किंवा किरकोळ, पोट मऊ, गुडगुड जोरात. तांदळाच्या धुवणासारखं पाणी जात असेल तर कॉलराचा संशय. कॉलरात मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं, त्यामुळे वाट बघण्याचा प्रश्नच नाही.

जखमी होऊन आवळणारं आतडं. थोडं थोडं, वारंवार, कुंथत, आंव किंवा रक्तासह. कळ येते, शौच झालं की क्षणभर बरं वाटतं, परत कळ. ताप बहुधा असतो.

वर उसळणारं. उलट्या आधी, जुलाब नंतर किंवा नाहीच. बहुतेक वेळा २४ तासांत आपोआप ओसरतं.

थंड पडलेलं. पोट फुगलेलं, गुडगुड नाही, वारा सरत नाही, शौच बंद. याच्यासोबत एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होणं, तोंड कोरडं, गिळायला त्रास यांतलं काहीही असेल तर बोटुलिझमचा संशय घेऊन तत्काळ हॉस्पिटल. घरी भरलेली, नीट न उकळलेली हवाबंद बरणी किंवा फुगलेला डबा हा त्याचा नेहमीचा मार्ग.

सावध: एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, गुटीतूनही नाही. मधातले बोटुलिनमचे बीजाणू मोठ्यांच्या आतड्यात रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजतात. पहिली खूण बहुधा बद्धकोष्ठ असते, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढणं कमी होतं, मान सैल पडते. बारशाला आलेल्या मावशी रागावल्या तरी चालेल.

## टप्पा ४: पाणी, आणि ते कसं

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच आहे आणि लोक सगळ्यात जास्त चुकतातही इथेच.

आतड्याच्या अस्तरात साखर आणि सोडियम जोडीने आत घेणारा एक मार्ग असतो. कॉलराच्या विषाने बाकी यंत्रणा बिघडवली तरी हा मार्ग चालू राहतो, आणि त्याच्यामागून पाणी आत येतं. म्हणून नुसतं पाणी नाही, नुसती साखरही नाही: पाणी, साखर आणि मीठ, ठरलेल्या प्रमाणात.

१. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट. अर्धं पाकीट पेल्यात, उरलेलं रबर लावून डब्यात, हा प्रकार बंद करा. पेल्यापुरतंच हवं असेल तर २०० मिलिलिटरची वेगळी पाकिटं मिळतात.

२. वरून साखर, मीठ, लिंबूसरबत, दूध काहीही घालू नका.

३. चोवीस तासांनी उरलेलं ओता, नवीन करा.

४. पाकीट नसेल तर एक लिटरला ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर फेकून पुन्हा करा. लहान मुलाला जास्त मीठ गेलं तर ते जुलाबांपेक्षा जास्त घातक ठरू शकतं.

किती द्यायचं? दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, २ ते १० वर्षांच्या मुलाला १०० ते २००, मोठ्यांना तहान लागेल तितकं. मधुमेह असला तरी पाणी कमी पडत असताना ओआरएस टाळायचं नाही, साखर तपासत राहायचं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना फोन करून प्रमाण ठरवा.

उलटी होत असेल तर? 'पोटात काही टिकत नाही, म्हणून काही देत नाही' ही चूक घरोघर होते. पेला तोंडाला लावला की जठर एकदम ताणलं जातं आणि ते सगळं परत फेकतं. उलटीनंतर १० मिनिटं थांबा. मग दर २–३ मिनिटांनी एक चमचा. कंटाळवाणं काम आहे, रात्री दोन माणसांनी वाटून घ्यावं. पण बराचसा चमचा-चमचा पोटात राहतो.

तपासा: दोन तासांनी जीभ ओली आहे का, लघवी झाली का, तिचा रंग काय. पोटाच्या कातडीची चिमूट सोडल्यावर ती लगेच सपाट झाली पाहिजे. बाळ रडताना डोळ्यांत पाणी येतंय का ते बघा. एप्रिल-मे महिन्यात चाळिशीपार तापमानात, पत्र्याच्या खोलीत झोपलेल्या माणसाचं घामावाटेही पाणी जातंच, म्हणून उन्हाळ्यात ही तपासणी दर तासाला.

झिंकची आठवण इथे. २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे ५ वर्षांपर्यंत २० मिलिग्रॅम, सलग १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे.

## टप्पा ५: मुरडा, आणि गोळीचा प्रश्न

यंत्रमागाच्या शिफ्टवर जाणारा माणूस 'दर अर्ध्या तासाला संडासला जाऊ कसा?' असं विचारतो तेव्हा प्रश्न खोटा नसतो. एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी. म्हणून गोळी कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. गोळी काय करते ते कळू द्या, मग ठरवा.

लोपेरामाइड, म्हणजे जुलाब बंद करायची गोळी, आतड्याच्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर काम करतं, ॲसिटिलकोलिन कमी सुटतं आणि पुढे ढकलण्याची हालचाल मंदावते. विष, जिवाणू, पाणी सगळं आतच राहतं. गळणाऱ्या आतड्यात, ओआरएस चालू असताना, मोठ्या माणसाला ते थोडा वेळ चालू शकतं. आवळणाऱ्या, जखमी आतड्यात ते धोक्याचं आहे: घाण आणि विष आत जास्त वेळ राहतं, मोठं आतडं फुगून लुळं पडू शकतं.

स्वतःच्या मनाने घ्यायचीच असेल तर चारही अटी पूर्ण हव्यात:

- ताप नाही
- आंव-रक्त नाही
- पोट मऊ आहे, फुगलेलं नाही
- वय प्रौढ आहे आणि ओआरएस आधीच सुरू झालं आहे

दिवसात २ मिलिग्रॅमच्या ४ गोळ्यांपेक्षा जास्त नाही, दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. जास्त मात्रेने हृदयाचे ठोके बिघडतात. मुलांना स्वतःच्या मनाने कधीच नाही, दोन वर्षांखाली तर अजिबात नाही. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

डायसायक्लोमाइन, म्हणजे मुरड्यासाठी सर्रास मागितली जाणारी गोळी, स्नायूवरचा ॲसिटिलकोलिनचा हुकूमच अडवते. कळ कमी होते, खरं आहे. पण तोंड कोरडं पडतं, आणि मग जीभ कोरडी आहे ती पाणी कमी पडल्यामुळे की गोळीमुळे, हे घरच्यांना कळत नाही. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते, काचबिंदू असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: या जातीच्या औषधांनी घाम कमी येतो. सोलापूरच्या मे महिन्यात घाम बंद होणं म्हणजे उष्माघाताला दार उघडणं. सहा महिन्यांखालच्या बाळाला हे औषध कोणत्याही रूपात, थेंबांतसुद्धा, देऊ नका.

मग कळ आली की करायचं काय? कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपणं, पोटावर गरम पाण्याची पिशवी, कोमट ओआरएसचे घोट. पाणी आणि पोटॅशियम भरून आलं की बहुतेकांची कळ आपोआप कमी होत जाते.

सावध: मुरड्याची कळ येते आणि जाते. एकाच जागी सतत दुखत असेल, उजव्या खालच्या बाजूला सरकत असेल, किंवा पोट लाकडासारखं कडक झालं असेल तर तो मुरडा समजू नका. गोळीने दुखणं झाकलं जातं आणि निदानाला उशीर होतो.

सावध: जुलाब थांबले आणि पोट फुगायला लागलं, तर ते बरं होणं नाही. पोटॅशियम खूप कमी झालं की आतड्याचे स्नायू आवळेनासे होतात. पायाला गोळे येतात, मान जड वाटते, पोट ढोलासारखं होतं. घरचे सुटकेचा श्वास टाकतात तेव्हाच हे घडत असतं. पोटाचा घेर हाताने बघत राहा, शौच बंद झाल्यावरही.

अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात. स्टॅफिलोकोकसचं किंवा शिळ्या भाताचं तयार विष पोटात गेलेलं असेल तर अँटिबायोटिक मारणार कुणाला? आणि शिगेलासारखं विष बनवणाऱ्या ई. कोलायमध्ये काही अँटिबायोटिक्सनी विष जास्त सुटू शकतं, मूत्रपिंडांवर आघात होऊ शकतो. ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी काउंटरवर सहज मिळते म्हणून ती प्रत्येक जुलाबावरचं औषध होत नाही.

## टप्पा ६: खाणं कधी, काय

उपाशी ठेवू नका. अंगावरचं दूध एक वेळही बंद करू नका. मोठ्यांनी ओआरएस टिकायला लागलं की चारेक तासांत मऊ भात, पेज, ज्वारीच्या कण्या, मुगाचं पातळ वरण, केळं सुरू करावं. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि तिखट रस्सा आठवडाभर बाजूला.

आजारपणानंतर काही दिवस दुधाने पोट फुगलं तर घाबरू नका. जखमी अस्तराला दुधातली साखर पचवायला वेळ लागतो. ताक बहुधा चालतं.

## टप्पा ७: हॉस्पिटलला कधी

यातलं एकही दिसलं तर वाट बघू नका: शौचात रक्त, १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, ६ ते ८ तास लघवी नाही, चमच्या-चमच्याने दिलेलंही टिकत नाही, माणूस गुंगीत किंवा बरळतोय, पोट फुगलंय आणि वारा सरत नाही, दृष्टी किंवा गिळणं बिघडलंय, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. सहा महिन्यांखालचं बाळ आणि सत्तरीपुढचं माणूस यांच्यासाठी यादीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ सिव्हिल गाठा, पण वाटेत ओआरएस चालू ठेवा. टप्पा २ मधला कागद आणि घेतलेल्या गोळ्यांची पट्टी सोबत घ्या. दिलेली गोळी लपवू नका, डॉक्टर रागावतील तर रागावतील.

सलाईन लागणाऱ्याला ते लागतंच. शुद्धीवर असलेल्या, घोट घेऊ शकणाऱ्या माणसाला मात्र 'अशक्तपणा आला म्हणून दोन बाटल्या चढवा' असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. ओआरएसने तेच काम होतं.

एकाच जेवणातून अनेकांना त्रास झाला असेल, म्हणजे लग्न, गड्ड्याची जत्रा, आषाढीला पंढरपूरच्या वाटेवरचं अन्नदान, तर महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला कळवा. उरलेलं अन्न घाईने फेकू नका. झाकून, फ्रिजमध्ये, वेगळं ठेवा. तपासणीला तेच लागतं.

## बरं झाल्यावर पुन्हा तेच होऊ नये म्हणून

'उकळून घेतलं की झालं' हा समज सोडा. उकळल्याने जिवाणू मरतात, पण स्टॅफिलोकोकसचं आणि शिळ्या भाताचं उलटीचं विष उकळीला दाद देत नाही. रात्रीचा भात शिजल्यावर तासाभरात पसरट ताटात गार करून फ्रिजमध्ये गेला पाहिजे. लाईट जाऊन फ्रिज कित्येक तास बंद राहिला असेल तर तो भात फोडणीलाही घेऊ नका. रस्सा मोठ्या पातेल्यात न ठेवता उथळ भांड्यांत विभागून गार करा. हाताला जखम, नखुरडं असेल तर पेढे वळायला बसू नका. आजारी माणसाने जुलाब थांबल्यावरही दोन दिवस इतरांचा स्वयंपाक करू नये, आणि संडासहून आल्यावर हात साबणाने धुवावेत. सॅनिटायझरने सगळेच जंतू मरत नाहीत.

काहींचं आतडं आजार गेल्यावरही आठवडे, महिने चटकन चिडतं: जेवलं की कळ, कधी पातळ, कधी बद्धकोष्ठ. संसर्ग उरलेला असतोच असं नाही. मज्जातंतूंचं जाळं अजून बिथरलेलं असतं. वजन घटत नसेल, रक्त जात नसेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत नसेल तर घाई नाही, पण महिन्याभरानंतरही चालू असेल तर पोटविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना लोपेरामाइडची पट्टी घरी ठेवू नका, ती किती वेळा घेतली हे त्यांना पहिल्यांदा सांगा.